भुलेच्या कागदावरची सही

बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन असताना ऑपरेशनच्या टेबलावर माणूस गारठतं, असं धम्मप्रिया कुणाला सांगायला गेली की समोरचा आधी हसायचा. मे महिना, सोलापूर, आणि गारठतं? तिच्या नवऱ्यानं, सुमितनं, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोही म्हणाला होता, "मग तुमचा एसी आमच्या शाळेत पाठवून द्या की!" सुमित शाळेत प्रयोगशाळा सहायक होता आणि पत्र्याच्या वर्गांत दिवसभर भाजून निघायचा.

पण ती सांगायची ते खरं होतं. पूर्ण भूल दिली की शरीर स्वतःला उबदार ठेवायचं विसरतं. पोटाछातीतली ऊब हातापायांकडे पसरते आणि गार खोलीत उडून जाते. पहिल्या तासातच तापमान उतरायला लागतं. ते छत्तीसच्या खाली गेलं की रक्त नीट गोठत नाही, जखम चिघळते, म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाचा ठोका चुकायला लागतो. आणि रुग्ण बिचारा झोपलेला. थंडी वाजतेय म्हणून सांगणार कोण?

हे सगळं तिला शिकवलं डॉ. सुबोध आराध्ये यांनी. ते सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते आणि धम्मप्रिया सरवदे चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली टेक्निशियन होती. भुलेचं मशीन तपासणं, नळ्या मांडून ठेवणं, आणि ऑपरेशन चालू असताना दर पंधरा मिनिटांनी भुलेच्या कागदावर आकडे भरणं, हे तिचं काम. तिचे वडील आण्णा तीस वर्षं वॉर्डबॉय होते. त्यांनी हजारो स्ट्रेचर ढकलले, पण त्यांची सही कुणाला लागली ती फक्त हजेरीपटावर. धम्मप्रियाची सही मात्र रुग्णाच्या फाइलमध्ये, डॉक्टरांच्या सहीशेजारी असायची. आण्णा होते तोवर पाहुण्यांना हे न चुकता सांगायचे.

आराध्ये सर माणूस म्हणून चांगले होते. निदान तिला तरी कधी वाईट अनुभव नव्हता. एकदा एका सर्जननं सगळ्यांदेखत तिच्यावर आवाज चढवला, तर सरांनी त्याला तिथल्या तिथं सुनावलं होतं. तिच्या बाळंतपणात त्यांच्या बायकोनं डिंकाचे लाडू पाठवले होते. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी एक जाड वही तिच्यापुढे ठेवली.

"धम्मप्रिया, आजपासून प्रत्येक पेशंटचं तापमान यात उतरवायचं. भुलेआधीचं, मग दर पंधरा मिनिटांचं. वय, वजन, ऑपरेशन किती वेळ चाललं, सलाईन किती गेलं, सगळं. कोण गार पडणार हे आपल्याला आधीच सांगता आलं पाहिजे."

तिनं वही मनावर घेतली. रजेवर असली तरी फोन करून आकडे मागवायची. दीडेक वर्षात तिच्या ध्यानात आलं की टेबलावर घेतल्याबरोबर तिला अंदाज येतो. अंगावर मांस नसलेल्या म्हाताऱ्या बायका सगळ्यात लवकर उतरायच्या, आणि आधीपासूनच थोडं कमी तापमान असलेली माणसं त्याहून लवकर. ती बोलायची, सर टिपून घ्यायचे. त्यातून दहा गुणांचा एक तक्ता तयार झाला. ज्याला सहापेक्षा जास्त गुण पडतील, त्याला भुलेआधी अर्धा तास गरम हवेचं पांघरूण घालायचं आणि ऑपरेशनभर तसंच ठेवायचं. ती हवा सोडणारं मशीन हॉस्पिटलात एकच होतं. त्याला सगळे वॉर्मर म्हणत. ओटीतली, म्हणजे ऑपरेशन थिएटरातली, मंडळी धम्मप्रियाला चेष्टेनं 'हवामान खातं' म्हणायला लागली. पण या हवामान खात्याचा अंदाज सहसा चुकायचा नाही.

"पेपर लिहितोय मी यावर," सर एकदा म्हणाले. "तुझं नाव असेल त्यात."

त्या दिवशी घरी जाताना तिनं गाडी थांबवून मुलीसाठी श्रीखंड घेतलं होतं.

एक गोष्ट मात्र तिनं चुकीची केली होती. सकाळी तीन-तीन ऑपरेशनं लागलेली असली की शेवटी सह्यांपायी फाइली अडायच्या. सर म्हणाले, "दहा-बारा कोऱ्या कागदांवर आधीच सही करून ठेवत जा, वेळ वाचेल." आधी तिच्या जिवावर आलं. पण सांगणारे सर होते. दर सोमवारी ती कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून गठ्ठा सरांच्या खणात ठेवायला लागली.

केसरबाई आल्या त्या मेच्या तिसऱ्या आठवड्यात. सांगोल्याकडच्या गावातल्या, सत्तरीच्या, वजन अडतीस किलो. मोठ्या आतड्यात गाठ होती. पोट उघडून काढायची, म्हणजे चार तासांचं काम. सोबत मुलगी चेतना होती, माळशिरसला शिक्षिका. धम्मप्रियानं तक्ता भरला. आठ गुण.

आत घेण्याआधीच्या खोलीत केसरबाई अंग आखडून पडल्या होत्या. "पोरी, हितं लई गार हाय गं," त्या म्हणाल्या. "आमच्या माळावर मेंढरं बी सावली हुडकाय लागल्यात, आन हितं ह्यो हिवाळा!"

"आत्ता ऊब येईल बघा, आजी." धम्मप्रियानं पांघरूण पसरलं, नळी जोडली, वॉर्मर चालू केला. पांघरूण भाकरीसारखं फुगलं. केसरबाई हसल्या. "व्हय की! चुलीम्होरं बसल्यागत वाटतंय."

दहा मिनिटंही झाली नसतील, पलीकडच्या ओटीतली सोनम दारात आली. "ताई, वॉर्मर पलीकडं मागवलाय. सरांनी."

धम्मप्रियाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ती सरांना गाठायला गेली. ते हात धूत होते.

"सर, केसरबाईंना आठ गुण आहेत."

"माहीत आहे."

"पलीकडं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. चौतीस वर्षांच्या बाई, पाऊण तासाचं काम. त्यांना एक गुण आहे, सर."

"त्या ट्रस्टच्या अध्यक्षांच्या सूनबाई आहेत." सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "ते मशीन आपल्याकडे आहे हे मीच त्यांना कौतुकानं सांगितलंय. आता सकाळी त्यांचा फोन आला, आमच्या सुनेला लावणार ना म्हणून. नाही म्हणू? तासाभरात परत येईल. तोवर तू सलाईन कोमट करून लाव, हातपाय गुंडाळ."

"पण सर, पहिला तासच तर..."

"तुझे गुण मला शिकवू नकोस. तक्ता मीच केलाय ना?"

असं ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. हात पुसत ते थोडे मवाळ झाले. "आलोच मी. काळजी करू नकोस." आणि चौदा वर्षांच्या सवयीनं तिनं काळजी करणं थांबवलं.

भूल दिली तेव्हा केसरबाईंचं तापमान छत्तीस पूर्णांक एक होतं. नाकातून घातलेल्या बारीक वायरीचा, प्रोबचा, आकडा मॉनिटरवर दिसत होता. तिनं कापसाच्या पट्ट्यांनी त्यांचे पाय गुंडाळले, डोक्याला टोपी घातली, सलाईनच्या बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या. पाऊण तासात आकडा पस्तीस पूर्णांक तीनवर आला.

"सर, पस्तीस तीन."

"ऐकलं."

"एसी जरा कमी करू?"

सर्जन डॉ. संगमेश मान न उचलता म्हणाले, "नको हं. माझा घाम पेशंटच्या पोटात पडेल."

तास गेला. वॉर्मर आला नाही. सूनबाईंचं ऑपरेशन कधीच उरकलं होतं, पण बाहेर आणल्यावर त्यांना त्या पांघरुणात बरं वाटत होतं, म्हणून मशीन तिथंच ठेवलं होतं. सोनमनं दारातून खुणेनं तेवढं सांगितलं. दोन तासांनी चौतीस सहा. धम्मप्रिया म्हणाली, "मी जाऊन घेऊन येते, सर." सर म्हणाले, "जागा सोडू नकोस." अडीच तासांनी चौतीस दोन. प्रत्येक आकडा ती मोठ्यानं सांगत होती आणि कागदावर मांडत होती.

"अरे, हे रक्त का गोठेना?" डॉ. संगमेशांचा आवाज चढला. "दाबून ठेवलं तरी झिरपतंय!"

सर मॉनिटरकडे बघत होते. मग ते स्वतः बाहेर गेले आणि वॉर्मर ढकलत घेऊन आले. तेव्हा साडेतीन तास झाले होते आणि आकडा तेहेतीस नऊ होता.

केसरबाई शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांना श्वासाच्या मशीनसकट आयसीयूत हलवलं. तिथल्या नर्सनं घेतलेलं तापमान होतं तेहेतीस आठ. चेतनानं आईचा पाय धरला आणि दचकून सोडला. "एवढी गार का लागतेय?" तिनं विचारलं. सर म्हणाले, "मोठं ऑपरेशन आहे, होतं असं."

दोन दिवस श्वासाचं मशीन. हृदयाचे ठोके विस्कटले ते औषधांवर कसेबसे आवरले. आठव्या दिवशी जखम चिघळून टाके सुटले, पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. चेतना वर्गात मुलांना समजेपर्यंत प्रश्न विचारणारी बाई होती. तिनं हॉस्पिटलला लेखी विचारलं: माझी आई बाहेर आली तेव्हा एवढी गार का होती? आत नेमकं काय झालं?

हॉस्पिटलनं समिती नेमली. धम्मप्रियाला बोलावणं आलं तेव्हा ती निर्धास्त होती. काय झालं ते सगळं कागदावर होतं. सोळा आकडे, तिच्या हातचे. वही सरांनी त्याआधीच पेपरसाठी नेली होती, पण कागद फाइलीत होता.

टेबलामागे चौघं बसले होते. आराध्ये सर कडेला होते. अध्यक्षस्थानी असलेल्या डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "हा तुमचाच ना?"

तिनं पाहिलं. छत्तीस चार. छत्तीस तीन. छत्तीस दोन. पुन्हा छत्तीस तीन. शेवटपर्यंत छत्तीसच्या वर.

"हा माझा कागद नाही."

"सही कुणाची आहे?"

"सही माझी आहे."

"मग?"

आकडे सुबक होते. चारचा वरचा कोपरा उघडा सोडायची सरांची पद्धत ती चौदा वर्षं वाचत आली होती. तिनं मान वळवून सरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. ते आता बोलतील, या आशेवर ती तिथं उभी राहिली. कागदांची अदलाबदल झाली असेल, खरा कागद सापडेल, असं काहीतरी म्हणतील. तिनं नाव घ्यायची वेळच येणार नाही.

सर बोलले. "धम्मप्रिया प्रामाणिक मुलगी आहे. प्रोब सरकला असेल, तिच्या लक्षात आलं नसेल. किंवा गडबडीत आकडे अंदाजानं भरले गेले असतील. कामाचा ताण असतो. मी फक्त कागदावर नजर टाकत होतो, सगळं नॉर्मल दिसत होतं. पण तिला फार मोठी शिक्षा होऊ नये, अशी माझी विनंती आहे."

तिच्या कानात नुसता एसीचा आवाज राहिला. "मी कोऱ्या कागदावर आधीच सही करत होते," ती कशीबशी म्हणाली. "सर म्हणाले होते म्हणून."

"म्हणजे कोऱ्या कागदावर सह्या करता तुम्ही?" समितीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तर आणखीच गंभीर आहे."

धम्मप्रियानं वॉर्मर पलीकडं नेल्याचं सांगितलं, तेव्हा समितीनं सोनमला विचारलं, तो त्या दिवशी कुठं होता? सोनम म्हणाली, आठवत नाही.

संध्याकाळी सरांनी तिला खोलीत बोलावलं. खुर्ची पुढे केली, चहा मागवला. जणू काही झालंच नव्हतं.

"सगळं निस्तरलंय मी. तू एवढंच लिहून दे की प्रोब सरकला होता. ताकीद मिळेल, नोकरीला धक्का नाही." मग त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "आणि हे बघ. पेपर पूर्ण झाला."

पहिलं नाव सरांचं. दुसरं, धम्मप्रिया रावसाहेब सरवदे. आण्णांचं खरं नाव मध्ये होतं. क्षणभर तिचे डोळे भरून आले, आणि त्याची तिला नंतर कित्येक दिवस लाज वाटत राहिली. तिनं खाली वाचलं. सहापेक्षा जास्त गुणांचे चारशे बारा रुग्ण. त्यांतल्या एकाही रुग्णाला या हॉस्पिटलात ऊब दिल्यावाचून ठेवलं नाही, असं लिहिलं होतं.

"केसरबाई चारशे तेराव्या होत्या, सर."

"प्रोब सरकलेला पेशंट अभ्यासात कसा घेणार?"

तेव्हा तिला सगळा डाव उलगडला. त्या एका कागदानं सर समितीतून सुटले होते आणि पेपरही स्वच्छ झाला होता. केसरबाई गार पडणार हे त्यांच्याच तक्त्यानं सांगितलं होतं. तक्ता खरा ठरला होता. आणि तो खरा ठरवणारा एकच माणूस त्यांनी पुसून टाकला होता. पेपरवर सरांच्या खालोखाल नाव तिचं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला माहीत नसतं तर मी समजले असते. तुम्हाला माझ्याइतकंच माहीत होतं."

"आवाज खाली."

"माझं नाव काढा यातून."

सरांनी लॅपटॉप मिटला. "सप्टेंबरमध्ये मी अधीक्षक होतोय. तेव्हा तुझं भलंच केलं असतं. पण तुम्हा लोकांना किती सांभाळून घेतलं तरी..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. 'तुम्हा लोकांना' हे दोन शब्द चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून तिनं कधी ऐकले नव्हते. चहा आला तसाच ठेवून ती उठली.

घरी सुमितनं सगळं ऐकून घेतलं. "केसानं गळा कापला गं त्या माणसानं," तो म्हणाला. मग पोरीच्या पुस्तकांकडे बघून म्हणाला, "पोरीचं शिक्षण अजून व्हायचंय. लिहून देऊन मोकळी झालीस तरी मी काही बोलणार नाही. आणि नाही दिलंस तरी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वॉर्डात गेली. केसरबाई उशांना टेकून पेज घेत होत्या. चेतना चमच्यानं भरवत होती. धम्मप्रियानं स्टूल ओढलं आणि पहिल्या मिनिटापासून सगळं सांगितलं; वॉर्मर कुठं गेला, कशासाठी गेला, कुठल्या वेळी कुठला आकडा होता, तो कागद कसा बदलला. कोऱ्या सह्यांचंही सांगितलं.

तिला वाटलं होतं चेतना तिचे हात धरेल. चेतनानं वाटी खाली ठेवली. "तुम्हाला दिसत होतं सगळं. आकडा उतरताना दिसत होता. मग ओरडला का नाहीत? दार उघडून मला का नाही सांगितलंत?"

"सरांवर विश्वास होता."

"आणि आम्ही तुमच्यावर ठेवला होता."

केसरबाई आतापर्यंत नुसत्या ऐकत होत्या. त्यांचा आवाज अजून नळीनं खरवडलेला होता. "चेतने, गप. हिला कुनी सांगाय लावलं न्हाय. आपनहून आलीया." मग धम्मप्रियाकडे वळून म्हणाल्या, "ह्ये समदं लिवून दिशील का, बाय?"

"देईन."

तिनं तिथंच, चेतनाच्या शाळेच्या वहीतली पानं घेऊन चार पानं लिहिली. खाली सही करण्याआधी ती सगळी पुन्हा वाचून काढली.

पुढच्या सोमवारी तिची बदली उपकरणं वाफेनं निर्जंतुक करायच्या खोलीत झाली. ओटीतली माणसं जिन्यात भेटली की घड्याळ बघायला लागली. सोनम एकदा एकटी सापडली तेव्हा रडली. "ताई, मला अजून कायम केलेलं नाही," एवढंच म्हणाली. पेपर छापून आला, त्यात धम्मप्रियाचं नाव नव्हतं, वहीचाही उल्लेख नव्हता. सप्टेंबरमध्ये सर अधीक्षक झाले. नव्या पाटीला हार घालताना टाळ्या वाजल्या, त्या खाली वाफेच्या खोलीपर्यंत ऐकू आल्या.

चेतनाच्या तक्रारीवर जिल्ह्याच्या चौकशी समितीनं डिसेंबरात धम्मप्रिया आणि सर दोघांना बोलावलं. बाहेरच्या बोळात एकच बाक होता. सर आधीच येऊन बसले होते. केस आणखी पिकलेले, मांडीवर फाइल. तिला येताना पाहून त्यांनी सवयीनं बॅग उचलून शेजारी जागा केली. लांबलचक ऑपरेशनं संपल्यावर ओटीबाहेर ते नेहमी असंच करायचे, आणि ती पाठ टेकून बसायची.

तिचे पाय दोन पावलं तिकडे वळलेही. मग ती भिंतीशी उभी राहिली.

"तुला मी शिकवलं, धम्मप्रिया," ते हळू म्हणाले.

"हो सर."

"मग?"

लाडू पाठवणारा, तिच्यासाठी सर्जनशी भांडणारा माणूस खोटा होता असं म्हणावं, तर ते तिला पटत नव्हतं. तो खरा होता, आणि त्याच हातानं त्यानं छत्तीस चार लिहिलं होतं. तिला तेच सहन होत नव्हतं.

आत तिनं दीड तास साक्ष दिली. आयसीयूतल्या नर्सच्या नोंदीत तेहेतीस आठ होतं. छत्तीसवरून पाच मिनिटांत माणूस तेहेतीसवर येत नाही, हे समितीतल्या वयस्क भूलतज्ज्ञांनीच बोलून दाखवलं. डॉ. संगमेशांनीही, मान खाली घालून, आकडे कानावर पडत होते असं मान्य केलं.

अहवाल फेब्रुवारीत आला. वॉर्मर काढून नेल्यानं रुग्णाला इजा झाली, असं त्यात स्पष्ट होतं. कागद नंतर बनवलेला दिसतो, पण कुणी बनवला हे ठरवता येत नाही, असंही होतं. सरांना लेखी ठपका मिळाला. पाटी जागेवर राहिली. कोऱ्या कागदांवर सह्या केल्याबद्दल धम्मप्रियालाही ठपका मिळाला, आणि तो चुकीचा आहे असं तिला वाटलं नाही.

चेतनानं अहवालाची प्रत तिला पाठवली, मग फोन केला. आई आता भाकरी खाते, पण पोटाला पट्टा बांधावा लागतो, मेंढरांमागं जाणं सुटलं, म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुम्ही अजून तिथंच काम करता?"

"या महिनाअखेरपर्यंत," धम्मप्रिया म्हणाली. तिनं सकाळीच राजीनामा टाइप करून घेतला होता. तो अधीक्षकांच्या नावे द्यायचा होता. त्यांचं नाव लिहायची जागा तेवढी तिनं अजून रिकामी ठेवली होती.